वॉर्डातली बेरीज

माझ्या सासूबाईंना ‘काय हवंय’ असं विचारलं, तर काही नको म्हणतात आणि मग दिवसभर रुसून बसतात. त्यामुळे ऐंशीव्या वर्षी त्यांनी आपणहून काही मागितलं, तेव्हा मी गॅस बंद करून समोर येऊन बसले. त्यांना त्यांच्या आईच्या मृत्यूची नोंद बघायची होती.

आई गेली तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. वडील कामासाठी परगावी, आई पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात. पुढे काकूने वाढवलं आणि दर दोन घासांमागे ऐकवलं, की तुझी आई बेवारशासारखी एकटी मेली, तू शेजाऱ्यांकडे होतीस. काकू कधीच गेली, पण ते वाक्य काही जाईना. आईजवळ शेवटी खरंच कुणी नव्हतं का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

मी आयुष्यभर नर्स होते, त्यामुळे दवाखान्याचे जुने कागद कुठे कुजत पडतात ते मला माहीत आहे. जिन्याखालच्या रेकॉर्ड रूममध्ये नाकाला रुमाल बांधलेल्या एक क्लार्कबाई होत्या. त्यांनी कपाळाला आठ्या घालत का होईना, पण नोंद शोधून दिली. नाव, वय, आजार. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सोबत नातेवाईक : कोणी नाही’.

सासूबाईंनी चष्मा काढून मिटला.

“काकू खरंच बोलत होती,” त्या म्हणाल्या. “चल घरी.”

दुसऱ्याचं दुःख बघितलं की मला आधी राग येतो. मी क्लार्कबाईंकडे त्या वॉर्डाची रोजची मोजणी मागितली. त्यात नावं नसतात, नुसते आकडे असतात, त्या कुरकुरल्या. काल किती होते, किती आले, किती गेले, आज किती आहेत. मी म्हटलं, तेच द्या.

आई दाखल झाली त्या दिवशी वॉर्डात तिच्याशिवाय कुणी आलं नव्हतं, गेलं नव्हतं. पण आकडा दोनाने वाढला होता. बेरीज चुकली असेल, क्लार्कबाई म्हणाल्या. पुढची पानं उलटली, तर ते एक जास्तीचं माणूस रोज होतंच. आणि आई गेली त्या दिवशी मृत्यू एक, घरी सोडलेलं कुणीच नाही, आणि वॉर्डातली माणसं मात्र दोनाने कमी.

क्लार्कबाई पुन्हा चूक म्हणाल्या, तेव्हा माझा तोल गेला. वॉर्डातली सिस्टर एक वेळ नवऱ्याचं नाव विसरेल, पण संध्याकाळची डोकी मोजायला चुकणार नाही. जितकी डोकी, तितकंच जेवण वर येतं. आमच्याकडेही एखादीला मूल ठेवायला घरी कुणी नसलं, की ते तिच्याच कॉटवर राहायचं. त्याला केसपेपर नाही, नातेवाईक म्हणून सही करायचं वय नाही, पण उपाशी कसं ठेवणार? मग आम्ही गुपचूप त्याचंही डोकं मोजायचो.

बोलता बोलता मी सासूबाईंकडे वळले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

“कुणाचं मूल गं?” त्यांनी विचारलं.

“तिच्याबरोबर आलं आणि ती गेली त्याच दिवशी वॉर्डातून गेलं. आता तुम्हीच सांगा.”

“मी होते तिथे?”

“होतात. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत.”

क्लार्कबाईंनी रुमाल खाली ओढला आणि न मागता पाणी आणून दिलं. सासूबाईंनी ते तसंच हातात धरून ठेवलं.

“मला काहीच आठवत नाही.”

“तुम्हाला नसेल आठवत,” मी म्हटलं. “पण तिला तुम्ही दिसत होतात ना.”

मग त्या रडल्या. तीन वर्षांची पोर रडेल तशा, नाक पुसायचंही भान न ठेवता. मीही रडले, आणि मला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही. थोड्या वेळाने त्यांनी त्या पानावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाल्या, “आई.”

आमच्या घरात सगळे त्यांनाच आई म्हणतात. त्यांच्या तोंडून ती हाक मी पहिल्यांदाच ऐकली.