व्हर्नाची जीभ

लायलने तळघरातल्या पिंपाचं झाकण उचललं आणि तोंड बाजूला वळवलं. बीअरवर पांढरी, सुरकुतलेली साय धरली होती. सायीत चिलटं मरून पडली होती. तळाच्या तोटीतून त्याने पेलाभर काढली, एक घोट घेतला आणि त्याचे दात आंबले. बीअर कसली, व्हिनेगर.

झाकणावरची काचेची नळी त्याने दिव्याजवळ धरली. कोरडी ठणठणीत. आतला वायू बाहेर जावा, पण बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून त्या नळीत नेहमी पाणी लागतं. ऊब मिळावी म्हणून त्याने पिंप घर तापवणाऱ्या भट्टीला खेटून ठेवलं होतं. भट्टीने पाणी पिऊन टाकलं. शेजारच्या टोपलीतल्या सफरचंदांवरची चिलटं मग सहकुटुंब आत शिरली.

झाकण परत बसवून, पेला फळीवर ठेवून तो पालथ्या बादलीवर बसला.

विस्कॉन्सिनच्या त्या भागात लोक शेरीफपेक्षा लायलच्या बायकोच्या जिभेला जास्त भीत. जत्रेतल्या बीअर स्पर्धेत व्हर्ना परीक्षक असे. एका घोटात ती सांगे, बार्ली कोणत्या उतारावरची, पाणी कोणाच्या विहिरीचं आणि बीअर करणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी वाजलं होतं का. तिसऱ्या गोष्टीत ती कधीच चुकली नाही, कारण बायका आधीच येऊन सांगून जात. लायलच्या बीअरला तिने उभ्या संसारात तीनदाच बरं म्हटलं होतं. "त्यातही एकदा मला ताप होता," असं ती वर सांगे.

गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणात औषधांनी तिची चव नेली, वासही नेला. पाव पुठ्ठ्यासारखा लागायचा, कॉफी गरम पाण्यासारखी. तिचे टोमणेही आटले. लायलला तेच जास्त लागलं. मग उन्हाळा सरताना एका सकाळी चीजचा तुकडा चघळत ती म्हणाली, "आली रे चव." त्याच दुपारी त्याने तिच्या आवडीच्या काळ्या बीअरसाठी मोठं पातेलं चढवलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली.

"खाली मेलास की काय?"

"येऊ नकोस. पायऱ्या ओल्या आहेत."

"तीस वर्षं ओल्याच आहेत त्या. झाली का?"

तो उठेपर्यंत तिने फळीवरचा पेला उचललाही होता. लायल तसाच उभा राहिला. आता कोणती शिवी येणार? मागे एकदा तिने त्याच्या बीअरमध्ये मांजराने पाय धुतल्याचं जाहीर केलं होतं. आज त्याला तीसुद्धा चालली असती.

व्हर्नाने डोळे मिटून घोट तोंडात घोळवला आणि गिळला. कपाळावर एक आठी नाही.

"छान झालीय," ती म्हणाली. "शेवटी जराशी कडवट. कॉफीचा वास मागे राहतो."

तिने आणखी एक घोट घेतला.

"असा काय बघतोस?"

"काही नाही. मला वाटलं, जरा आंबली."

व्हर्ना पेल्यात बघत राहिली. मग हसली.

"तुझीच जीभ गेलीय, म्हाताऱ्या."

"गेली असेल."

त्याने तिच्या हातातून पेला घेतला आणि उरलेली सगळी पिऊन टाकली, चेहऱ्यावरची एक सुरकुतीही न हलवता.

"मग भरायची ना बाटल्यांत?" तिने विचारलं.

लायल मोरीपाशी गेला आणि बाटल्या धुवायला बसला.