हमदान घरी पोचला नाही

निशिकांत गायकवाड सिंगापूरच्या वुडलँड्स भागात आठव्या मजल्यावर राहायचा. शेजारच्या फ्लॅटमधला हमदान जहाजांवरची रडारं दुरुस्त करायचा. माणूस मूळचा इंडोनेशियाचा, पण बायको रोहानासह कित्येक वर्षं सिंगापूरलाच स्थायिक झालेला. २००४च्या मार्चमध्ये आपापली कामं उरकून परतताना निशिकांत आणि तो अवचित एकाच विमानात भेटले. वाटेत दुसऱ्याच एका देशात दोन तासांचा थांबा होता.

तिथल्या अधिकाऱ्याने हमदानचा पासपोर्ट दोनदा चाळला आणि त्याला बाजूच्या दारातून आत नेलं. "पाचच मिनिटं," हमदान हसत म्हणाला. "तू हो पुढे."

पाऊण तास झाला तरी तो आला नाही. प्रवाशांची बस विमानाकडे निघाली, तेव्हा निशिकांतला काचेतून दूरवर एक छोटं पांढरं जेट दिसलं. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. तोंडं झाकलेले चौघेजण एका माणसाला फरफटत तिकडे नेत होते. त्याचे हात पाठीमागे बांधलेले, डोक्यावर काळी पिशवी. पण तो हिरवा चौकड्यांचा शर्ट निशिकांतने शेजारच्या खिडकीबाहेर कपड्यांच्या बांबूवर वाळताना शंभरदा पाहिला होता. जेटच्या शेपटीवरचा नंबर त्याने नकळत वाचला. तो ओरडणार, एवढ्यात त्याचं लक्ष गेलं. बसमध्ये समोरच उभा असलेला एक माणूस जेटकडे नाही, त्याच्याकडे बघत होता. निशिकांतने मान खाली घातली.

घरी पोचला तर रोहाना कॉरिडॉरमध्येच उभी. "तुम्ही भेटलात म्हणून फोन आला होता त्यांचा. कुठे आहेत?"

"मागे राहिला. पुढच्या विमानाने येईल," निशिकांत म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

तीन दिवस तो फोन वाजला की दचकायचा. लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली की श्वास रोखून धरायचा. सिंगापूरला कायम राहण्याच्या परवान्याचा, पीआरचा अर्ज सरकारकडे पडलेला, आपलंही नाव संशयितांच्या यादीत चढलं तर? रोहाना ऑफिसांचे उंबरठे झिजवत होती. त्या देशाच्या वकिलातीने सांगितलं, या नावाचा माणूस आमच्याकडे उतरलाच नाही.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने, मेधाने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "अरे, झालंय काय तुला? दोन घास जात नाहीत."

त्याने सगळं सांगितलं. मेधा पांढरीफटक पडली. "आणि त्याने खरंच काही केलं असेल तर?"

"केलं असेल तर कोर्टात उभं करा ना! असं बोचकं बांधून न्यायचं माणसाला?"

"मग तिला सांग. आत्ताच्या आत्ता."

रोहानाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तीन दिवस, निशिकांत?"

दुसऱ्या दिवशी वकिलाच्या खोलीत त्याने वेळ, जागा, शेपटीवरचा नंबर असं सगळं लिहून दिलं. सहीपाशी येताच त्याने पेन खाली ठेवलं, तेव्हा वकिलाने विचारलं, "थांबायचं का?" तो थांबला नाही.

वकिलाने तो जबाब रेडक्रॉसकडे आणि त्या देशाच्या वकिलातीकडे पाठवला. अकरा महिन्यांनी रेडक्रॉसचं पत्र आलं. हमदान जिवंत होता, ज्या देशात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथल्या तुरुंगात. २००७मध्ये त्याला सोडलं. आरोप नाही, खटला नाही, माफीही नाही.

परतल्यावर पहिल्यांदा तो निशिकांतला लिफ्टमध्ये भेटला. केस पिकलेले, दोन बोटं वाकडी. निशिकांतला त्या तीन दिवसांची माफी मागायची होती, पण त्याआधी हमदानच बोलला. "तू लिहून दिलंस हे तुरुंगातल्या लोकांना कळलं. त्या दिवसापासून मारणं थांबलं."

आठव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. हमदान कोपऱ्यातून हलेना.

"आधी तू बघ," तो पुटपुटला. "बाहेर कुणी उभं आहे का?"

निशिकांतने मान बाहेर काढली. कॉरिडॉर रिकामा होता. तरी त्याने दोनदा पाहिलं.