शहागडच्या नाक्याचा दांडा

मी कर-तपासणी नाक्याचा दांडा बोलतोय. शहागडजवळ, गोदावरीच्या पुलाअलीकडे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लोखंडी पाइप हमरस्त्यावर आडवा असे, तो मी. जालन्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, आणि गाड्या अडवण्यासाठी मला रंगवण्यात आले.

माझ्यापुढे ट्रकांची रांग लागे. कागद तपासून होईपर्यंत मोसंबी उन्हात मऊ पडे. देशाचा व्यापार मंदावला आहे, असे चालक आपसांत म्हणत. तेव्हा मला वाटे, माझ्यासारखे दांडे देशभर किती असतील?

त्या रांगेवर द्वारकाबाईंचे चहाचे हॉटेल चाले. सकाळी टाकलेली पत्ती त्या दुपारपर्यंत उकळत. अडकलेल्या माणसाला दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती; त्यामुळे तक्रारही नव्हती.

मग करपद्धती बदलली. देशभर एकच कर आला आणि नाके उठले. मला खांबावरून उतरवून हॉटेलच्या भिंतीशी टेकवले. गाड्या न थांबता जाऊ लागल्या. मला हलके वाटले. द्वारकाबाईंचे पातेले मात्र भरलेलेच राहू लागले. हॉटेल मोडून तीर्थपुरीला लेकीकडे जाण्याची भाषा त्या करू लागल्या.

एके दुपारी मच्छिंद्र हा जुना ट्रकचालक पंक्चर झाल्यामुळे तिथे थांबला.

"काय रे मच्छिंद्रा, समदे मला इसरलात का?"

"इसरलो न्हाई, मावशी. चहा याद हाये, म्हणून तर थांबत न्हाई."

"म्हंजे?"

"दांडा व्हता म्हणून पेत व्हतो. चहा व्हता का धुवन?"

"मंग इतके दिवस तोंड शिवून बसल्ता का?"

"बोललो असतो तर तेबी भेटलं नसतं."

द्वारकाबाईंनी पातेले गटारात उपडे केले. नवे दूध चढवले, आले ठेचले, पत्ती टाकली.

"घे. बराबर सांग, लाजू नको."

मच्छिंद्रने स्तुती केली नाही. रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.

तीर्थपुरीचे जाणे त्या दिवसापासून लांबत गेले. आता मी दोन खांबांवर आडवा आहे, पण हॉटेलच्या दारात. माझ्यावर पत्रा टाकलेला आहे आणि खाली सावली पडते. सुधारणेने सर्वांचेच भले होते, असे ठामपणे म्हणण्याइतका माझा अनुभव नाही. एवढीच विनंती आहे, की मला पुन्हा रस्त्यावर आडवे करू नका.

काल एक ट्रक भरधाव पुढे गेला. पुलाच्या तोंडाशी त्याचा वेग कमी झाला, आणि तो सावकाश मागे येऊ लागला. त्याला कुणीही अडवले नव्हते.