नववी खुंटी

“गेला,” मी म्हणाले.

अण्णांनी स्टुलावर बसल्या बसल्या घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं : सकाळी अकरा दहा, बंद. मग चष्मा वर करून विचारलं, “काय करत होतीस नेमकं?”

“टाइप करत होते, अण्णा. दुसरं काय करणार?”

“टेबलाला हात टेकला होतास?”

“टेकल्याशिवाय टाइप कसं करू?”

तेही त्यांनी लिहून घेतलं. माझे सासरे चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. समोरचं माणूस चिडून बोलतंय की नुसतं बोलतंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. यंत्राचं काय झालं, तेवढं त्यांना हवं असतं.

हा कॉम्प्युटर त्यांनीच जोडला होता. पायाच्या ऑपरेशननंतर माझी हॉस्पिटलातली रेकॉर्ड विभागाची नोकरी सुटली. तीन मजले दिवसातून दहादा चढणं आता होणार नव्हतं. तेव्हा घरबसल्या एक काम मिळालं. डॉक्टर तपासताना बोलतात त्याचं रेकॉर्डिंग येतं. ते ऐकून रिपोर्ट टाइप करायचा आणि दोन तासांत परत पाठवायचा. पहिला महिना परीक्षेचा. त्या महिन्यात तीन रिपोर्ट उशिरा गेले की काम बंद. आमचे हे म्हणाले, दुकानातून तयार आणू. अण्णा म्हणाले, “तयार कशाला? सुटे भाग आणा, मी जोडतो.” आठवडाभर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, सुटे भाग मांडून ठेवले आणि एका रविवारी एकेक स्क्रू पिळत यंत्र उभं केलं. चालू झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नुसता हात पुसला, पण दिवसभर त्या खोलीतून हलले नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून ते बंद पडायला लागलं. कधी चार तास सुतासारखं सरळ चालायचं, कधी दहा मिनिटांत पडदा काळा. माझे दोन रिपोर्ट उशिरा गेले. आता आणखी एक उशीर झाला की काम जाणार होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

अण्णांची एक पद्धत होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. मेमरीची डावी पट्टी काढली, थांबले. उजवी काढून डावी लावली, थांबले. वायर बदलली, सॉकेट बदललं, दुकानदाराकडून वीजपुरवठ्याची दुसरी पेटी मागून आणून लावली. मी पुन्हा सगळी विंडोज भरली. ते मधूनमधून कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर तळवा ठेवून ताप बघायचे. मी आजारी असतानाही कुणी माझी एवढी सरबराई केली नसेल, असं माझ्या मनात आलं. पण खोटं कशाला बोलू? केली होती. ऑपरेशननंतर सव्वा महिना हाच माणूस माझ्या गोळ्यांच्या वेळा वहीत लिहीत माझ्या उशाशी बसला होता.

तरी त्या अकरा दहाला माझा तोल गेला. “राहू द्या आता, अण्णा,” मी म्हणाले. “तुमच्या कारखान्याचं हे काम नव्हे. आपण तयार कॉम्प्युटर आणू.”

अण्णांनी वही मिटली आणि आत गेले. तो रिपोर्ट मी मोबाइलवर बोटं दुखेपर्यंत टाइप करून कसाबसा वेळेत पाठवला. दिवसभर मला माझ्याच जिभेची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर डबा रिकामा. मुख्य पाटी, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसवतात ती, अण्णांनी बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडली होती. तिच्यावरचा पंखा उघड्यावर फिरत होता. “बस,” ते म्हणाले. “काम कर. पाटीला हात लावू नकोस.”

मी आठ रिपोर्ट टाइप केले. दुपार झाली, चहाची वेळ झाली, संध्याकाळ झाली, पडदा एकदाही काळा झाला नाही.

“म्हणजे सगळे भाग चांगले आहेत,” अण्णा म्हणाले. “दोष डब्यात आहे.”

त्यांनी रिकामा डबा खिडकीपाशी नेला. पाटी डब्याच्या पत्र्याला टेकू नये म्हणून तिच्याखाली छोट्या पितळी खुंट्या असतात. अण्णांनी त्या मोजल्या. नऊ. मग पाटी बंद करून तिच्यावरची भोकं मोजली. आठ. पाटी उलटी केली तर पाठीवर बारीक चरा उमटला होता. नववी खुंटी नको तिथे घुसून पाटीला टेकत होती. टेबल जरा हललं की स्पर्श व्हायचा, शॉर्ट व्हायचं आणि यंत्र बंद.

“डब्याला नऊ भोकं होती,” ते हळूच म्हणाले. “मी नऊ भरली.”

“अहो, कुणीही भरली असती.”

“कुणी नसती भरली. पाटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत खुंट्या आठच दाखवल्यात.” ते खाली बसले. “आमच्या एका मशीनवर एक बोल्ट लावायचा राहिला होता. माझ्या जोडीदाराची तीन बोटं गेली. बोल्ट त्याच्याकडूनच राहिला होता, पण तपासणं माझ्याकडे होतं. तेव्हापासून मी एकही भोक मोकळं सोडलेलं नाही.”

ही गोष्ट या घरात आजवर कुणी ऐकली नव्हती.  मी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊ लागले, तर त्यांनी मान हलवली. नववी खुंटी त्यांनी स्वतः काढली, मोकळ्या भोकावरून अंगठा फिरवला, पाटी जागेवर बसवली आणि यंत्र चालू केलं. मी दोन्ही हातांनी टेबल गदागदा हलवलं. यंत्र बंद पडलं नाही. मला इतका आनंद झाला की मी अण्णांना वाकून नमस्कार केला. पायाच्या दुखण्यामुळे अर्धाच झाला.

“ते राहू दे,” अण्णा म्हणाले. “तुला काम देणाऱ्या मॅडमना फोन लाव.”

“कशाला? आता चालतोय ना!”

“दोन रिपोर्ट तुझ्या नावावर उशिरा लागलेत. लाव.”

मी लावला. मॅडमना म्हटलं, माझे सासरे बोलू इच्छितात. फोन हातात घेण्याआधी अण्णा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

“नमस्कार, साहेब. मी फिटर बोलतोय,” मॅडमनाही ते कारखान्यातल्या सवयीने साहेबच म्हणाले. “ते दोन उशीर माझ्या चुकीमुळे झाले. जोडणी मी केली होती. दोष सापडला, काढून टाकला. परत होणार नाही. मुलीचं काम चोख आहे.”

पलीकडून मॅडम बरंच काही बोलल्या. अण्णा ताठ उभं राहून “हो साहेब, हो साहेब” म्हणत राहिले. मग फोन माझ्याकडे दिला. मॅडम हसत होत्या. “दोन्ही उशीर खोडते,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्या फिटरना सांगा, अशी माणसं आमच्याकडे हवी होती.”

मी ते मोठ्याने अण्णांना सांगितलं.  फोन बंद झाला तरी ते तसेच उभे होते. मी उठून माझी खुर्ची त्यांच्यामागे सरकवली, तेव्हा कुठे ते बसले.