दोन अध्यक्षांची सुट्टी

“आणि याच चार जुलैला अमेरिकेचे दोन माजी अध्यक्ष वारले...” एवढं बोलून अन्नपूर्णाने ऐटीत श्वास घेतला, आणि निंबाखालच्या घंटेचे टोले पडू लागले. एक, दोन, तीन... चक्क सात!

सात टोले म्हणजे कुणी मोठा माणूस गेला, शाळेला सुट्टी. मग पोरं कशाला थांबतात? निम्मी शाळा फाटकाबाहेर पसार! अन्नपूर्णा ओट्यावर तशीच उभी. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर दिनविशेष सांगायला मिळाला होता, चार दिवस घोकला होता, त्याचा असा फज्जा!

हेडमास्तर गुणवंतराव तरातरा निंबाखाली गेले. तिथे पोचूभाऊ चपराशी मान खाली घालून उभे होते.

“कोणी सांगितलं तुला घंटा ठोकायला?”

“पोरीनं सांगतलं ना जी. एक नाई, दोन मोठे मानसं गेले म्हने. मी तं चौदा ठोकनार होतो.”

“अरे, त्यांना जाऊन एकशे एकतीस वर्षं झाली! उद्यापासून येऊ नकोस. दुसरा माणूस पाहतो मी.”

पोचूभाऊंनी हातोडी हळूच झाडाच्या बुंध्याशी ठेवली. बावीस वर्षांची नोकरी!

गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही अन्नपूर्णाची जीभ अडखळायची. आज तिने ओट्यावरून सरळ उडी मारली.

“सर, चूक माझी आहे. सगळ्यांनी चकित व्हावं म्हणून मी साल शेवटी ठेवलं होतं. आणि पोचूभाऊंना काढलं, तर आमच्या टोल्यावरचं, त्या पलीकडच्या वस्तीतलं, एकही पोर शाळेत टिकायचं नाही. नाला ओलांडून येतो आम्ही. वळणावर आम्ही दिसल्याशिवाय ते घंटाच देत नाहीत!”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

“म्हणजे घंटा रोज उशिरा होते?”

“दोन-चार मिंटं जी,” पोचूभाऊ पुटपुटले.

गुणवंतरावांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. “आणि हे पुढे पळतं म्हणून मी दोनदा चांद्याला नेऊन दुरुस्त केलं!” त्यांच्या मिशा थरथरल्या. रागाने की हसू दाबल्याने, कोण जाणे. “उचल ती हातोडी. आणि तू, भाषण पूर्ण कर.”

उरलेल्या पोरांपुढे ती खणखणीत बोलली. त्या देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, १८२६ साली, अ‍ॅडम्स आणि जेफरसन गेले. त्या जाहीरनाम्यासाठी एकत्र खपलेले, मग भांडलेले, म्हातारपणी पुन्हा एकमेकांना पत्रं लिहिणारे.

मधल्या सुट्टीत पोचूभाऊंनी तिला गाठलं.

“काऊन व पोरी, एक गेल्याचं दुसऱ्याले समजलं असन का?”

“नाई जी. दोघंही शेकडो कोस दूर. तवा तारही नोती.”

“बरं झालं. कुनीकडं आहे थे अमेरिका?”

तिने अंदाजाने मावळतीकडे बोट दाखवलं. पोचूभाऊंनी डोक्यावरची खाकी टोपी काढली, छातीशी धरली आणि तिकडे तोंड करून उभे राहिले. अन्नपूर्णाला रोजच्या त्या दोन-चार मिनिटांसाठी त्यांचे केवढे आभार मानायचे होते. पण ती नुसतीच त्यांच्या शेजारी उभी राहिली, ते टोपी पुन्हा डोक्यावर ठेवीपर्यंत.