गुलाम डिस्क

साक्षीचा पारा चढला होता, आणि का चढू नये? सकाळी ती कळमनुरीला लग्नपत्रिका द्यायला गेली तेव्हा कॉम्प्युटर ठणठणीत होता. परत येऊन बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ, की डिस्क सापडत नाही!

हिंगोलीत घराच्या पुढच्या खोलीतच तिचं टायपिंगचं दुकान. प्रमोद मेकॅनिकनं कालच जुन्या हार्डडिस्कच्या जोडीला नवी बसवली होती. जुनीवर जुनं विंडोज, नवीवर नवं. जुनी फेकायची सोय नव्हती, तिच्यात कोंडीबा आजोबांची गाणी होती. म्हातारा जन्मभर गावोगाव भीमगीतं गात हिंडला, पण अक्षर म्हणाल तर एक लिहिता येत नव्हतं. जायच्या आधी बाजेवर बसून त्यानं एकेक गाणं सांगितलं आणि साक्षीनं टाइप केलं. ते मराठी टायपिंग जुन्या विंडोजवरच उघडायचं. बुद्धपौर्णिमेला पुस्तक काढायचं, असं पाहुण्यारावळ्यांना सांगूनही झालं होतं.

"बाबा, कॉम्प्युटरच्या खोक्याला कोणी हात लावला?"

भीमराज, तिचे वडील, एसटीत कंडक्टर. नजर चोरत म्हणाले, "मीच. काल प्रमोद म्हणला, नवी मास्टर, जुनी स्लेव्ह. स्लेव्ह म्हंजी काय, तर म्हणं गुलाम! माह्या बापाची गाणी गुलामाच्या जाग्यावर? मंग तिच्या मागच्या पिनांवरचं ते बारकं टोपण हलवलं आन् दोघींलाबी मास्टर केलं."

साक्षीनं कपाळावर हात मारला. "अवो, एका केबलीवर दोन मास्टर चालत न्हाईत! दोघी रुसून बसल्या न!"

प्रमोदला बोलावलं. तो हसला. "भाऊ, नुसतं नाव हाय ते. एकीला स्लेव्ह करा, आत्ता चालू होते."

"नुसतं नाव?" भीमराज उसळले. "नुसत्या नावापायीच आमच्या वाडवडलांची जिंदगी गावकुसाबाहेर गेली. न्हाई म्हंजी न्हाई."

साक्षीला राग आला होता, पण बाप खोटं बोलत नव्हता, हेही तिला पटलं. हट्टच धरायचा तर तडीला न्यायचा! तिनं जुनी डिस्क काढून उजेडात धरली. लेबलावर टोपणाच्या जागांची चित्रं होती. मास्टर, स्लेव्ह आणि तिसरी एक.

"प्रमोददादा, ही तिसरी कशाची?"

"तिथं मास्टर-स्लेव्ह आपण ठरवायचंच न्हाई, कुणाचा नंबर पहिला, ते केबलच ठरवते. दोघींचं टोपण एकाच जागी. पण त्याला केबल येगळी लागते, नांदेडलाच मिळंल."

"मिळती न? मंग झालं," भीमराज म्हणाले. "उद्या माही ड्युटी नांदेडचीच हाय."

दुसऱ्या दिवशी तिकिटांच्या पेटीतून केबल आली. साक्षीनं दोन्ही टोपणं तिसऱ्या जागी बसवली, केबल जोडली आणि बटण दाबून लगेच मेनूची कळ दाबली. पडद्यावर दोन्ही डिस्कची नावं एकाखाली एक आली. जिच्यावर बोट ठेवाल ती चालू! तिनं जुनी निवडली. जुनं विंडोज उघडलं, आणि आजोबांचं पहिलं गाणंही.

"वेशीबाहेरचा दिवा आमचा, वेशीत उजेड पाडून गेला..."

भीमराज वाचता वाचता गाऊच लागले. म्हातारा त्यांना कधी गाऊ देत नसे. म्हणायचा, "तुह्या गळ्यात फकस्त एसटीची घंटी हाय." बेसूरच गायले. पण शेवटच्या कडव्यापर्यंत गायले, आणि साक्षीनं डोळे पुसत पहिलं पान छपाईला सोडलं.