यिट्काला सांगायचं ते

“ही इज गोइंग टुनाइट. टू जर्मनी. आमच्याकडे बेडच उरलेले नाहीत,” फोनवर नर्स म्हणाली. “त्यांच्या मिसेसना सांगा, प्लीज.”

सुहासिनीच्या फोनवर एकीकडे हॉस्पिटल होतं आणि दुसरीकडे चेकियातल्या ब्रनोमध्ये यिट्का. यिट्काचा नवरा पावेल नोकरीसाठी नेदरलंड्समधल्या फेल्डहोवनला, सुहासिनीच्या समोरच्या घरात, एकटा राहायचा. गेल्या आठवड्यात त्याला कोरोना झाला. सीमा बंद, यिट्काला चेकशिवाय दुसरी भाषा येत नाही, आणि अख्ख्या गल्लीत चेक बोलणारी सुहासिनी एकटीच. नवऱ्याच्या, म्हणजे सतीशच्या, आधीच्या नोकरीपायी ती चार वर्षं ब्रनोला राहिली होती आणि भाषा शिकली होती ती भाजीवालीकडून. आता तोच सतीश वरच्या खोलीत तापानं पडला होता. त्याचं ताट ती दाराबाहेर ठेवून यायची. पावेललाही आधी नुसता तापच होता.

चेक भाषेत ‘जाणं’ म्हणजे एक प्रकरणच आहे. पायी जायचं तर एक क्रियापद, गाडीनं जायचं तर दुसरं. ‘मी पुण्याला जाते’ म्हणताना सुहासिनीनं एकदा पायी जायचं वापरलं, तेव्हा भाजीवालीनं वाटेत खायला म्हणून तिला दोन गाजरं जास्त दिली. त्यानंतर ती कधी चुकली नाही. अँब्युलन्स म्हणजे गाडीचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी शब्द ओठांशी येऊन अडला. घरातून नेलेला आजारी माणूस जातो असं कसं म्हणायचं? माहेरी दळण आणायला निघालं तरी ‘येते’ म्हणायचे. तोंडातून ‘जाते’ निघालं की आई परत आत बोलावून पाटावर बसवायची.

“यिट्का,” ती म्हणाली, “पावेल येईल लवकर.”

पलीकडून हुंदका आला, मग हसू. “घरी येतोय? त्याचं घर गार पडलं असेल गं. तू हीटर लावशील? थोडं सूप देशील?”

“समजलं का त्यांना?” नर्सनं विचारलं. “व्हिडिओवर बोलायचं असेल तर आत्ताच. थोड्या वेळात श्वासाची नळी घालतील, मग ते झोपेतच असतील. पुढचं काही सांगता येत नाही.”

यिट्का सुपात काय घालायचं ते सांगत होती आणि तिचा वेळ संपत चालला होता. आपल्या भीतीपायी या बाईचं शेवटचं बोलणं आपण बुडवतोय, या विचारानं सुहासिनीला स्वतःचाच संताप आला.

“यिट्का, ऐक. मी चुकीचं सांगितलं. भ्याले मी.” मग तिनं सरळ गाडीचं क्रियापद वापरलं. “तो जातोय. आज, जर्मनीला. त्याला झोपवून नेणार आहेत. शुद्धीत आहे तोवर व्हिडिओवर बोलून घे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“व्हिडिओ लावा म्हणावं त्यांना,” यिट्का म्हणाली.

नर्सनं त्या दोघांचा व्हिडिओ जोडून दिला. आता मध्ये कुणाची गरज नव्हती.

संध्याकाळी सुहासिनी खिचडीचं ताट घेऊन वर गेली.

“पावेल कसा आहे?” सतीशनं दाराआडून विचारलं.

“जर्मनीला नेतायत.”

तो खोकला, मग थांबला. “आपल्या हाउसआर्ट्स डॉक्टरांना फोन करून ठेव. ताप उतरत नाहीये.”

“केलाय. सकाळी तपासायला येतो म्हणाले.”

“बरं. ताट ठेव, आणि तू जा खाली.”

रोज ती ‘येते’ म्हणायची आणि खाली जायची. आज तिनं ताट ठेवलं, दोन पावलं मागं सरकली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.

“जेव तू,” ती म्हणाली. “मी इथंच आहे.”